फिलाडेल्फियाजवळची कॅथलिक प्राथमिक शाळा: मुलीला घालावं का?

ओवीची आई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहतो. मुलगी पहिलीत आहे, पब्लिक शाळेत. शाळा वाईट म्हणता येणार नाही. पण वर्ग मोठा, ही मुळात अबोल, आणि पालकसभेला गेलं की बाई हसून सांगतात, सगळं छान चाललंय. काय छान, ते विचारलं की पुन्हा तेच.

घराजवळच चर्चची शाळा आहे, केजी ते आठवी. शेजारच्या आजी तिथेच शिकल्या, त्यांची मुलंही. ओपन हाऊसला जाऊन आलो. वर्ग छोटे, प्रत्येक वर्गात क्रूस, कॉरिडॉरमध्ये मेरीचा पुतळा. प्रिन्सिपल म्हणाल्या की आमच्याकडे श्रद्धा आणि अभ्यास वेगळे नसतात. हेच वाक्य त्यांच्या माहितीपत्रकावरही आहे. म्हणजे नक्की काय करतात? आम्ही हिंदू, घरी गणपती बसतो. ओवीने तिथे काय करायचं? आणि अभ्यास खरंच चांगला असतो की नुसता गणवेशाचा रुबाब?

नवऱ्याचं म्हणणं, फुकटची शाळा सोडून पैसे मोजायचे तर कारण ठोस हवं. सासूबाईंचं म्हणणं इथे लिहीत नाही.

शेंगदाणा

न लिहिताही कळलं :)

दादरकर

बिनधास्त घाला. आम्ही मुंबईत मिशनऱ्यांच्या शाळेतच शिकलो. ख्रिस्ती मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला जायची, आम्ही उरलेले मॉरल सायन्सला. पट्टीचा मार खाल्ला, पण इंग्रजी सुधारलं आणि वेळ पाळायची सवय लागली ती आजतागायत. माझा धर्म कुठे गेला नाही. उलट चतुर्थीला फादर स्वतःहून विचारायचे, मोदक कुठे आहेत?

कट्टेकरी

काका, मुंबईचं गणित वेगळं. तिथे कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी, आणि प्रवेशासाठी रांग. इथे इंग्रजी सगळीकडेच आहे आणि रांग उलट्या बाजूला आहे. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांचा पट साठच्या दशकाच्या मध्यात ५२ लाखांपर्यंत गेला होता, आता १७ लाखांच्या आसपास आहे. फिलाडेल्फियाच्या आर्चडायोसीसच्या, म्हणजे तिथल्या कॅथलिक धर्मप्रांताच्या समितीने जानेवारी २०१२ मध्ये एका झटक्यात चाळीसहून जास्त प्राथमिक शाळा बंद करायची किंवा एकमेकींत विलीन करायची शिफारस केली होती. काही अपिलात वाचल्या, बऱ्याच गेल्या. त्यामुळे पहिला प्रश्न श्रद्धेचा नाही. ओवी आठवीत जाईपर्यंत ही शाळा असेल का, हे विचारा. पट किती, गेल्या पाच वर्षांत वाढला की घटला, पॅरिश, म्हणजे त्या चर्चची स्थानिक मंडळी, दरवर्षी शाळेला किती पैसे घालते. चांगली शाळा हे आकडे सांगायला कचरत नाही.

केळबन

मी वसईची, कॅथलिक, आणि फिलाडेल्फियाच्याच एका पॅरिश शाळेत दुसरीला शिकवते. तुमची शाळा ती नव्हे, तेव्हा ही जाहिरात समजू नका. माहितीपत्रकातलं वाक्य बाजूला ठेवू, आमचा दिवस कसा जातो ते सांगते.

सकाळी स्पीकरवरून प्रार्थना, मग झेंड्याची प्रतिज्ञा. जेवणाआधी एक प्रार्थना, घरी जाताना एक. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. धर्माचा तास मात्र गणितासारखाच वेळापत्रकात असतो, त्याचा गृहपाठ असतो, प्रगतिपुस्तकात गुणही असतात. शिवाय अख्खी शाळा ठरावीक दिवशी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला जाते. कुठे दर आठवड्याला, कुठे महिन्यातून एक-दोनदा आणि सणाला.

आता वेगळं नसणं म्हणजे काय. मिस्साची वाचनं मुलं करतात. चौथी-पाचवीतलं पोर माइकसमोर उभं राहून सेंट पॉलचं पत्र वाचतं, समोर शाळा, शिक्षक, पुढच्या बाकांवर पॅरिशमधले म्हातारे. ‘थेसलोनियन्स’ हा शब्द न अडखळता म्हणायचा असतो. वाक्य कुठे तोडायचं, कुठे श्वास घ्यायचा, मान वर कधी करायची, हे आम्ही आधीचे कित्येक दिवस घोटून घेतो. माझ्या दुसरीतल्यांना एकेक ओळीची विनंती-प्रार्थना वाचायला मिळते. वर्गात तोंड न उघडणारी मुलं तिथे वाचतात, कारण पाळी सगळ्यांची येते. हुशार मुलीलाच पुढे करायचं, असं चालत नाही. हा वाचनाचा तास की धर्माचा, ते तुम्हीच ठरवा.

दुसरं. आमच्या भागातल्या शाळांत पानाच्या वर मधोमध ‘जेएमजे’ लिहायची जुनी पद्धत आहे: जीझस, मेरी, जोसेफ. आपण वहीवर ‘श्री’ काढायचो तसंच. मी नवीन होते तेव्हा वर्ग बघायला एक वयस्कर सिस्टर यायच्या. एका मुलाने गिचमिड अक्षरात बेरजा केल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, वरच्या तीन अक्षरांवर बोट ठेवून म्हणाल्या, हे यांना द्यायचंय ना? पोराने मुकाट्याने पान उलटून पुन्हा लिहायला घेतलं. आता आमच्या शाळेत एकही सिस्टर उरली नाही, देशभरातच कॅथलिक शाळांतले जवळपास सगळे शिक्षक आज व्रत न घेतलेली साधी माणसं आहेत. पण ते बोट मी उचललं आहे.

तिसरं, दुसरी हे आमच्याकडे मोठं वर्ष. दहाव्या पायस पोपनी १९१० साली कम्युनियनचं, म्हणजे मिस्सात पवित्र भाकर घ्यायचं वय सातच्या आसपास आणलं, म्हणून हे सगळं दुसरीत येतं. आधी पहिलं पापनिवेदन, मग एप्रिल-मेमध्ये पहिलं कम्युनियन. फ्रॉक, फोटो, पार्टी याला लोक महत्त्व देतात. मला पापनिवेदनाची तयारी जास्त मोलाची वाटते. सात वर्षांच्या मुलाला आपण काय केलं हे सांगायला शिकवायचं. ‘त्याने ढकललं म्हणून मी’ असं सुरू झालं की थांबवायचं, पुन्हा सुरुवात करायची, ‘मी’पासून. ज्यांना हे जमतं ती मुलं चुकलेलं गणित लपवत नाहीत, असं मला दिसत आलंय. हा अभ्यासाचा निष्कर्ष नाही, बाईंचं निरीक्षण आहे.

ओवी यात कुठे? ती धर्माच्या तासाला बसेल, परीक्षा देईल, मिस्साला वर्गाबरोबर जाईल. कम्युनियन घेणार नाही. रांगेत आली तर हात छातीवर फुली करून ठेवायचे, फादर आशीर्वाद देतात. नको असेल तर बाकावर बसायचं, कोणी ढोसत नाही. बाप्तिस्म्याचा विषय कोणी काढत नाही, आणि पालकांच्या संमतीशिवाय मुलाला तो देता येत नाही, हा चर्चचाच कायदा आहे. हिंदू धर्माचा आदराने उल्लेख करणारा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६५ चा दस्तऐवज आहे, त्यामुळे तुमच्या देव्हाऱ्याबद्दल वर्गात कोणी वेडंवाकडं बोललं तर ते शाळेच्याच शिकवणीविरुद्ध आहे. सरळ प्रिन्सिपलकडे जायचं.

शेंगदाणा

ताई, प्रतिसाद एक नंबर. पण वसईचे ख्रिस्ती इतकं खणखणीत मराठी लिहितात?

दादरकर

शेंगदाणा, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कोण होते? फादर फ्रान्सिस दिब्रिटो. कुठले? वसईचे.

केळबन

:) घरी कादोडी ही आमची वसईची बोली, चर्चमध्ये मराठी, शाळाही मराठी. रागवायचं कारण नाही, हा प्रश्न पुण्यातही विचारतात.

वसईचा विषय निघालाच आहे तर एक फरक सांगते. आमची गावातली शाळा चर्चचीच, पण अनुदानित, आणि वर्गात सगळ्या धर्मांची मुलं. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, घटनेचं २८वं कलम. त्यामुळे धर्मशिक्षण रविवारी मिस्सानंतर, आणि शाळेत मूल्यशिक्षण. इथे शाळा फी आणि पॅरिशच्या पैशांवर चालते, म्हणून धर्म थेट वेळापत्रकात. दादरकर काकांनी मुंबईत पाहिलं ते इथे मिळणार नाही. इथे मॉरल सायन्सची वेगळी खोली नसते.

कट्टेकरी

केळबनताईंचा प्रतिसाद आवडला, वाचनखूण साठवली. तरी जरा आकड्यांकडे बघू, कारण ओवीच्या बाबांचा प्रश्न तोच आहे.

कॅथलिक शाळांची जी ख्याती आहे ती बरीचशी समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या ऐंशीच्या दशकातल्या कामावरून. मुलं पुढे असतात, आणि गरीब घरांतल्या मुलांना फायदा जास्त, असं त्यांना दिसलं. कारण त्यांनी दिलं ते असं: पालक एकमेकांना ओळखतात, शाळेबाहेरही भेटतात, मुलांवर चार घरांची नजर असते. मग १९९३ मध्ये ब्राइक, ली आणि हॉलंड यांनी दाखवलं की या शाळा मुलांना ‘हुशार’ आणि ‘बेताचे’ अशा वेगवेगळ्या वाटांनी फारसं पाठवत नाहीत, जवळपास सगळ्यांना तोच कठीण अभ्यासक्रम करायला लावतात. दोन्ही पटण्यासारखं.

पण दोन्ही अभ्यास हायस्कूलचे आहेत! प्राथमिकचं चित्र इतकं गोड नाही. एल्डर आणि जेप्सन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये मुलांची घरची परिस्थिती आणि बालवाडीतली पातळी हिशेबात धरून पाहिलं, तर चाचण्यांच्या गुणांत कॅथलिक शाळेचा फायदा दिसला नाही, गणितात तर थोडी पीछेहाटच. राष्ट्रीय चाचणीत, म्हणजे एनएईपीमध्ये, कॅथलिक शाळांची सरासरी पब्लिक शाळांपेक्षा वर असते, २०२२ मध्येही होती, ते खरंय. पण फी भरून मूल घालणाऱ्या घराची आणि सगळ्यांना घेणाऱ्या शाळेची सरासरी शेजारी ठेवून काय कळणार? त्यात पेनसिल्व्हेनियाची राज्य परीक्षा खाजगी शाळांना बंधनकारक नाही. तुमच्या गल्लीतल्या दोन शाळांची थेट तुलना करताच येणार नाही.

थोडक्यात, चाचणीचे गुण वाढतील म्हणून पैसे भरणार असाल तर भरू नका.

केळबन

कट्टेकरी, शेवटच्या वाक्याला अनुमोदन. मीही पालकांना हेच सांगते. प्रार्थना म्हटली म्हणून पाढे पाठ होत नाहीत, त्यासाठी पाढेच म्हणावे लागतात.

गॉटफ्रीड आणि कर्कसी यांचं २०१८ चं एक काम आहे, तेही प्राथमिक शाळेवर आणि राष्ट्रीय नमुन्यावर. त्यात कॅथलिक शाळांतल्या मुलांत स्वतःला आवरणं, भांडण न करणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं हे शिक्षकांना जास्त दिसलं. तुमचा आक्षेप इथेही लागू होईल, घरंच तशी असतील. असतीलही. पण हे मला रोजच्या वर्गाशी जुळणारं वाटतं. मी पंचवीस मिनिटं सलग शिकवू शकते, हीच माझ्या शाळेची श्रीमंती. पगार पब्लिक शाळेच्या बाईंपेक्षा बराच कमी आहे, स्मार्टबोर्ड जुना आहे.

एक उदाहरण देते. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, मुलांना पुठ्ठ्याची घडीची पेटी मिळते, ‘राइस बोल’. ही कल्पना आमच्यापासून तास-सव्वा तासावरच्या अ‍ॅलनटाऊनमध्ये १९७५ साली निघाली, आफ्रिकेतल्या दुष्काळाच्या वेळी, आणि मग देशभर गेली. चॉकलेट किंवा सोडा सोडायचा, ते पैसे पेटीत. दुसरीच्या गणितात नाणी असतातच: पेनी, निकेल, डाइम, क्वार्टर. तर दर शुक्रवारी आम्ही पेट्या ओततो. सुटी नाणी रास करून मोजायची, दहाचे गठ्ठे, शंभरचे गठ्ठे, फळ्यावर स्तंभालेख. मग त्या आठवड्यात ज्या देशाची गोष्ट वाचली तो नकाशावर शोधायचा. एका वर्षी एका पोराने हात वर करून विचारलं, आपल्या वर्गातच कुणाकडे जेवायला नसेल तर त्याला या पेटीतून देता येतं का? वर्गात तसं मूल होतं, हे मला माहीत होतं आणि बहुतेक त्यालाही. त्या दिवसापासून माझ्या कपाटात खाऊचा डबा असतो. कोणी घ्यायचा हे कोणी विचारत नाही, भरून ठेवायचं काम मुलांचं.

हे चाचणीत येणार नाही. पण नाणी मोजायला त्या वर्गातलं एकही मूल चुकत नव्हतं.

जर्सीवाली

गोड गोड चाललंय म्हणून कडू बाजू लिहिते. आमच्या मुलाला तिसरीत डिस्लेक्सिया निघाला. तो तेव्हा एका कॅथलिक शाळेत होता, नाव लिहीत नाही. माणसं प्रेमळ होती, प्रश्नच नाही. बाई सुट्टीतही त्याला घेऊन बसायच्या. पण वाचनतज्ज्ञ आठवड्यातून थोडाच वेळ यायची, प्रशिक्षित शिक्षक नव्हताच, आणि वर्षभर आम्हाला ‘तो प्रयत्न करतोय, धीर धरा’ हेच ऐकायला मिळालं. धीर धरण्यात वर्ष गेलं. शेवटी पब्लिक शाळेत घातलं. तिथे कायद्याने मूल्यमापन आणि लेखी योजना मिळाली, आणि तो वाचायला लागला. सगळ्यांना एकच कठीण अभ्यासक्रम हे वर कौतुकाने लिहिलंय. ज्याला तो झेपत नाही त्याचं काय, हे आधी विचारा.

केळबन

जर्सीवाली, हे बोललात ते बरं केलंत. ही आमची सगळ्यात कच्ची बाजू. विशेष गरजांच्या मुलाला पब्लिक शाळेत जो हक्क कायद्याने आहे, तो खाजगी शाळेत पालकांनी स्वतःहून घातलेल्या मुलाला तसाच्या तसा मिळत नाही. पेनसिल्व्हेनियात राज्याच्या खर्चाने बाहेरचे शिक्षक आमच्या शाळांत येऊन वाचन-गणिताची जादा मदत करतात, समुपदेशकही येतात, पण त्याने सगळं भागत नाही. ओवीची आई, ‘वाचनात मागे पडलेल्या मुलाला तुम्ही नक्की काय करता’ असा प्रश्न विचारा आणि उत्तरात माणसाचं पद आणि आठवड्याचे तास येतात का ते ऐका. नुसतं ‘आम्ही सगळ्यांवर प्रेम करतो’ आलं तर समजा.

निशाचर

कोणीच विचारत नाही म्हणून विचारतो. कॅथलिक धर्मगुरूंनी केलेल्या बाललैंगिक अत्याचारांवरचे फिलाडेल्फियाच्या ग्रँड ज्युरीचे २००५ आणि २०११ चे अहवाल, पेनसिल्व्हेनियाचा ऑगस्ट २०१८ चा अहवाल, तीनशेहून जास्त धर्मगुरू, हजारावर मुलं. हे सगळं वाचून तुम्ही तुमचं मूल कसं काय पाठवता?

शेंगदाणा

धागा पेटला.

केळबन

पेटू दे, प्रश्न रास्त आहे. अहवाल मी वाचलेत. सगळ्यात संताप आला तो लपवाछपवीचा. तक्रारी कागदावर होत्या आणि माणसाला उचलून दुसऱ्या पॅरिशमध्ये टाकलं जात होतं. मी त्या चर्चची आहे, त्यामुळे ‘सगळीकडेच असतं’ हे उत्तर मी देणार नाही.

आज शाळेत काय आहे ते सांगते. मुलांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाची, मग तो फादर असो, शिक्षक असो वा नियमित स्वयंसेवक म्हणून येणारी आई, राज्याच्या कायद्याने पोलीस आणि बालअत्याचार नोंदींची तपासणी होते. प्रशिक्षण सक्तीचं आहे. संशय आला तर मी प्रिन्सिपलची परवानगी न घेता थेट राज्याच्या हेल्पलाइनला कळवायचं, नाही कळवलं तर गुन्हा माझा. तरीही तुम्ही डोळे उघडे ठेवा. दारांना काच आहे का, मोठं माणूस आणि एकटं मूल बंद खोलीत राहू शकतं का, हे ओपन हाऊसला बघता येतं. कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

फोंडेकर

मी गोव्याचा, इतिहासाचा माणूस, इथे कन्येकडे आलो की फिलाडेल्फियात भटकतो. या शहरात या शाळा का झाल्या, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१८४० च्या दशकात इथल्या पब्लिक शाळांत रोज बायबल वाचलं जाई, पण प्रोटेस्टंटांचं, किंग जेम्स भाषांतर. आयरिश कॅथलिक मुलांनाही तेच. बिशप केनरिक यांनी विनंती केली की आमच्या मुलांना आमचं बायबल वाचू द्या. त्यावरून १८४४ च्या मे आणि जुलैत दंगली झाल्या, माणसं मेली, सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टीन ही चर्चं जाळली गेली. सेंट ऑगस्टीन पुन्हा बांधलं, आजही उभं आहे, जरूर बघा. पुढे १८५२ मध्ये बोहेमियाहून आलेले जॉन न्यूमन बिशप झाले आणि त्यांनी पॅरिशच्या शाळांची एकत्र व्यवस्था लावली, अमेरिकेतली अशी पहिली. १८८४ मध्ये बाल्टिमोरच्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने हुकूमच काढला की प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांत शाळा हवी. जर्मन, इटालियन, पोलिश पॅरिशांच्या शाळांत आपापली भाषाही शिकवत. तुम्ही लोक रविवारी मराठी शाळा चालवता ना, ते काम त्यांनी पूर्ण आठवडाभर केलं, आणि तेही विटा-चुन्याची इमारत बांधून, गिरणीतल्या पगारातून.

गंमत पाहा. पब्लिक शाळेतलं बायबलवाचन बंद झालं ते १९६३ च्या निकालाने, आणि तो खटला फिलाडेल्फियाच्याच उपनगरातला, अ‍ॅबिंग्टनचा. तेव्हा ओवीच्या आईला जी धाकधूक वाटते आहे, की आपलं मूल दुसऱ्याची प्रार्थना म्हणणार, अगदी त्याच धाकधुकीतून ही शाळा जन्मली आहे. प्रिन्सिपल बाईंना हे मोकळेपणी बोलून दाखवा. त्यांना ते तुमच्यापेक्षा आधी कळेल.

आता माझं मत, विचारलं नसलं तरी. आपल्याकडे कॉन्व्हेंटची शिस्त घ्यायची आणि त्यामागचा धर्म ऑप्शनला टाकायचा, ही जुनी सवय. गोव्यातही आहे. केळबन यांनी जे लिहिलं त्यात शिस्त कुठून येते ते स्वच्छ दिसतं. त्या सिस्टरचं बोट काढून टाका, मग उरतो तो नुसता गणवेश. घालायचं तर मुलीला सांगून घाला की ही श्रद्धेची जागा आहे, आपली श्रद्धा वेगळी आहे, आणि दोन्हीकडे खोटं वागायचं नाही.

दादरकर

फोंडेकर, जरा जास्त होतंय. सात वर्षांच्या मुलीला कुठली श्रद्धा नि काय. आम्ही ‘आवर फादर’ही म्हणायचो आणि संध्याकाळी शुभंकरोतीही. काही बिघडलं नाही.

फोंडेकर

बिघडलं नाही हे खरं. पण तुम्ही मॉरल सायन्सच्या खोलीत होतात. ओवी दुसरीत असेल, बरोबरची सगळी मुलं वर्षभर कम्युनियनची तयारी करत असतील, आणि ही एकटी नाही. तिला विचारलं जाईल, तू का नाही? उत्तर घरून हवं.

केळबन

फोंडेकर बरोबर बोलतायत. माझ्या वर्गात बहुतेक वर्षी एखादं मूल असतं, हिंदू, मुस्लिम किंवा कुठल्याच धर्माचं नसलेलं. ज्यांच्या घरी यावर बोलणं झालेलं असतं ती मुलं निवांत असतात. एका मुलीने वर्गाला दिवाळी समजावून सांगितली आणि मग कम्युनियनच्या दिवशी मैत्रिणींच्या ओढण्या नीट करायला मागच्या रांगेत उभी होती. आणि एका घरी ‘तिथे काय सांगतात ते मनावर घेऊ नको’ असं सांगितलेलं होतं. त्या मुलाने धर्माच्या तासाबरोबर बाईही मनावर घेणं सोडलं, मग बाईंचं गणित तरी कशाला घेईल? वर्षभर त्याच्याशी झगडत होते.

म्हणून एवढंच सांगेन. शाळेच्या प्रार्थनेचा घरी उपहास होणार असेल तर पब्लिक शाळाच बरी, आणि तुमच्या भागातल्या पब्लिक शाळा चांगल्या आहेत.

ओवीची आई

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार, निशाचर आणि जर्सीवाली तुमचे विशेष.

काल आम्ही तिघांनी बसून बोललो. गुण वाढतात हे कारण नवऱ्याने खोडलं होतंच, कट्टेकरींनी त्याला दारूगोळा पुरवला. मला स्वतःला ते माइकसमोरचं वाचन अडकवून ठेवतंय. ओवीला पाळी चुकवता येणार नाही अशी जागा मला हवी आहे. आठवीतली मुलं केजीतल्यांना हात धरून मिस्साला नेतात, ते तिला ओपन हाऊसला फार आवडलं होतं, तेही तिने सांगितलं. नवरा म्हणतो, फी चार आकडी आहे, पण पहिला आकडा बघ. आणि सासूबाईंनी एकच विचारलं, श्रावणात तिला डब्यात काय देतेस ते कोणी बघणार नाही ना? म्हणजे विरोध मावळतोय बहुतेक.

पुढच्या आठवड्यात ओवी एक दिवस वर्गात बसून बघणार आहे. वाचनतज्ज्ञ, पट, दारांच्या काचा, तिन्ही प्रश्न लिहून घेतलेत. फीची मदत आणि बस याबद्दल कोणी सांगेल का?

केळबन

डब्याचं: लेंटच्या शुक्रवारी आमच्याकडे कॅथलिक मुलांनाच मांस चालत नाही, त्या दिवशी तुमचा डबा वर्गात सगळ्यात रुबाबदार असेल.

फी: पॅरिशच्या सदस्यांना आणि इतरांना दर वेगळे असतात, इतरांना जास्त. भावंडांना बहुतेक ठिकाणी सूट. राज्याची ईआयटीसी योजना २००१ पासून आहे. कंपन्या शिष्यवृत्तीला पैसे देतात आणि त्यांना करात सवलत मिळते. उत्पन्नाची मर्यादा आहे, पण वाटते तेवढी खाली नाही, धर्माची अट नाही. अर्ज शाळेच्या ऑफिसातून करा, आणि लवकर करा.

बस: पेनसिल्व्हेनियात १९७२ पासून कायदा आहे. तुमचा स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे पब्लिक शाळा चालवणारी स्थानिक संस्था, स्वतःच्या मुलांना बस देत असेल, तर त्याच्या हद्दीपासून १० मैलांच्या आत असलेल्या ना-नफा खाजगी शाळेच्या मुलांनाही द्यावी लागते, फुकट. फॉर्म डिस्ट्रिक्टच्या वाहतूक विभागात भरायचा, चर्चच्या शाळेत नाही. बरेच पालक इथेच घोळ घालतात आणि सप्टेंबरभर स्वतः गाडी चालवतात.

ओवीची आई

फॉर्म सापडला. चार पानी आहे, धर्म कुठेच विचारलेला नाही. एक दिवस बसून आली की इथेच लिहिते.